बंद अश्रुनलिकेच्या ऑपरेशनमध्ये नेमकं काय करतात

डोळ्यातून सतत पाणी येतं, तपासणीत अश्रुनलिका बंद निघते आणि डॉक्टर ‘डीसीआर (डॅक्रिओसिस्टोरायनोस्टॉमी) करावं लागेल’ म्हणतात. हे ऐकल्यावर बहुतेकांच्या मनात एकच प्रश्न उभा राहतो: नळीच बंद आहे ना, मग तार घालून मोकळी का करत नाहीत? हाड कापायची भाषा कशाला? प्रश्न रास्त आहे, आणि त्याचं उत्तर कळलं की या ऑपरेशनबद्दलच्या बऱ्याचशा शंका आपोआप मिटतात. डीसीआरमध्ये बंद नळी उघडत नाहीत. ती आहे तिथे, बंदच सोडून देतात आणि तिच्या वर असलेल्या अश्रुपिशवीतून थेट नाकात नवं तोंड पाडतात. तुंबलेला पाइप खरवडत बसण्याऐवजी शेजारची भिंत फोडून पाण्याला वाट करून द्यावी, तसा हा प्रकार आहे.

ही एक गोष्ट लक्षात ठेवून पुढचं वाचलंत, तर तपासण्या, पथ्यं, ऑपरेशनच्या शेवटी ठेवतात ती सिलिकॉनची नळी, सगळ्याचा अर्थ लागत जाईल.

अश्रू जातात कुठे

अश्रू फक्त रडताना येत नाहीत. डोळ्याच्या वर, बाहेरच्या बाजूला असलेली अश्रुग्रंथी आणि पापण्यांच्या आतल्या छोट्या ग्रंथी मिळून मिनिटाला साधारण १ मायक्रोलिटर या वेगाने दिवसभर अश्रू तयार करत असतात. त्यातला थोडा भाग हवेत उडून जातो, उरलेला नाकात उतरतो. आरशासमोर उभं राहून खालची पापणी नाकाच्या बाजूला किंचित बाहेर वळवली, तर तिच्या काठावर एक बारीक भोक दिसतं, जेमतेम ०.३ मिलिमीटरचं. वरच्या पापणीलाही तसंच एक असतं. ही अश्रुछिद्रं. तिथून साधारण १ सेंटिमीटर लांबीच्या दोन बारीक वाहिन्या निघतात, बहुतेकांमध्ये पुढे एक होतात आणि अश्रुपिशवीत उघडतात. पिशवी नाकाच्या मुळाशी, हाडाच्या खोबणीत बसलेली असते. तिच्या खालच्या टोकाला अश्रुनलिका सुरू होते, हाडातल्या अरुंद बोगद्यातून खाली उतरते आणि नाकपुडीत बरीच आत, तळाजवळ उघडते. रडलं की नाक वाहतं ते यामुळेच, आणि डोळ्यात टाकलेल्या थेंबांची कडू चव घशाला लागते तीही यामुळेच.

हा प्रवाह केवळ उतारावरून वाहणारा नाही. आपण पापणी मिटतो तेव्हा तिच्यातला गोल स्नायू वाहिन्यांवर आणि पिशवीवर दाब आणतो, उघडतो तेव्हा तो दाब सुटतो, आणि या उघडझापीने अश्रू आत ओढले जातात. त्यामुळे चेहऱ्याचा अर्धांगवायू झालेल्या किंवा वयामुळे पापण्या सैल पडलेल्या माणसाची नळी पूर्ण मोकळी असूनही डोळा वाहू शकतो.

यावरून एक गोष्ट मला आग्रहाने सांगायची आहे: वाहणारा प्रत्येक डोळा म्हणजे बंद नळी नव्हे. डोळे कोरडे पडले तरी त्या जळजळीने उलट जास्त पाणी येतं. पापण्यांच्या कडांना सूज असेल, एखादा केस आत वळून बुबुळाला घासत असेल, खालची पापणी बाहेर लोंबत असेल, अश्रुछिद्रच आक्रसलं असेल, तरीही पाणी येतं. अशा माणसाचं डीसीआर केलं, तर ऑपरेशन उत्तम होऊनही तक्रार तशीच राहील. म्हणून निदानाला घाई नको.

बाळांची गोष्ट वेगळी

नवजात बाळांमध्ये अडथळा बहुधा नळीच्या अगदी खालच्या टोकाला असतो. जन्माआधी उघडायला हवा असलेला एक पातळ पडदा उघडायचा राहून गेलेला असतो. बाळाचा एक डोळा सारखा पाणावलेला, सकाळी पापण्या चिपडांनी चिकटलेल्या, पण डोळ्याचा पांढरा भाग लाल नाही, असं चित्र दिसतं. घाबरून जाऊ नये. साधारण १० पैकी ९ बाळांमध्ये हा पडदा पहिल्या वर्षात आपोआप उघडतो.

तोवर मालिश करायची. पद्धत १९२३ साली क्रिग्लर या डॉक्टरांनी मांडली आणि आजही तीच सांगितली जाते. हात धुऊन, नख कापलेल्या बोटाने डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यावर, नाकाच्या हाडालगत दाब द्यायचा आणि तो न सोडता बोट खाली सरकवायचं. नुसती नाकावरून हलकेच बोटं फिरवण्याचा उपयोग नाही, कारण पिशवीतल्या द्रवाच्या दाबाने पडदा फुटावा हा सगळा उद्देश आहे. एका वेळी ५-१० वेळा, दिवसातून ३-४ वेळा. अँटिबायोटिक थेंब पिवळी घाण येत असेल तेवढ्यापुरते असतात, त्यांनी नळी उघडत नाही. पहिल्यांदा ही मालिश डॉक्टरांसमोर करून दाखवावी, हे बरं.

वर्ष उलटूनही पाणी थांबलं नाही, तर प्रोबिंग करतात. छोटी भूल देऊन एक बारीक, बोथट सळई अश्रुछिद्रातून पिशवीत आणि तिथून खाली नळीत घालतात, पडदा फुटतो. काही मिनिटांचं काम, ना चीर ना टाका. वर्षाच्या आसपासच्या मुलांमध्ये याला फार चांगलं यश येतं, पुढे वय वाढत जाईल तसं ते कमी होतं. एकदा करून जमलं नाही, तर सिलिकॉनची बारीक नळी काही महिने आत ठेवतात किंवा फुग्याने मार्ग रुंद करतात. डीसीआर हा मुलांमध्ये शेवटचा पर्याय.

दोन अपवाद मात्र प्रत्येक आईवडिलांना माहीत असायला हवेत. जन्मतःच किंवा पहिल्या काही दिवसांत डोळ्याच्या आतल्या कोपऱ्याखाली निळसर फुगवटा दिसला, तर मालिश करत वाट पाहू नये, त्याच दिवशी दाखवावं. असा फुगवटा नाकातही शिरलेला असू शकतो, आणि नवजात बाळं मुख्यतः नाकानेच श्वास घेतात. दुसरं, डोळा वाहतोय आणि सोबत बाळ उजेडाला डोळे घट्ट मिटतंय, बुबुळ मोठं किंवा धुरकट दिसतंय, तर तो जन्मजात काचबिंदू असू शकतो. तिथे उशीर झाला तर दृष्टीची किंमत मोजावी लागते.

मोठ्यांमध्ये तार का चालत नाही

मोठ्या माणसात तो एकुलता पातळ पडदा नसतो. नळीच्या आतल्या अस्तराला हळूहळू सूज येत राहते, अस्तर जाड होतं, त्यात व्रणासारखे धागे तयार होतात आणि शेवटी नळी बऱ्याच लांबीत मिटून जाते. चाळिशीनंतरच्या स्त्रियांमध्ये हे पुरुषांपेक्षा जास्त दिसतं. त्यांच्यात हाडाचा बोगदा मुळात अरुंद असतो हे त्याचं एक कारण मानलं जातं. चेहऱ्याच्या हाडाला मार लागणं, सायनसचं ऑपरेशन, सारकॉइडोसिससारखे दाहाचे आजार, थायरॉइडसाठी दिलेलं किरणोत्सारी आयोडीन, डोसिटॅक्सेलसारखी कर्करोगावरची काही औषधं, यांनीही मार्ग बंद होऊ शकतो. अशा मिटलेल्या नळीत सळई घातली, तर ती भोक पाडते खरी, पण कच्च्या जखमेच्या दोन्ही बाजू पुन्हा चिकटतात. कधी सळई चुकीच्या दिशेने जाऊन नवाच व्रण होतो. डोमिनिक आनेल या फ्रेंच शल्यविशारदाने १७१३ मध्ये अश्रुमार्गात बारीक सळई आणि पिचकारी वापरली. त्यानंतर जवळजवळ दोन शतकं डॉक्टर नळीच रुंद करत राहिले, आणि ती पुन्हा पुन्हा बंद होत राहिली.

बंद नळीच्या वर पिशवीत पाणी साचतं, साचलेल्या पाण्यात जंतू वाढतात. कोपऱ्यावर दाबलं की अश्रुछिद्रातून चिकट द्रव किंवा पू वर येतो. कधी अचानक तिथे लाल, ठणकणारं गळू होतं. गळू असताना सळई किंवा पिचकारी घालायची नसते. आधी अँटिबायोटिक, गरज पडल्यास पू काढणं, आणि जोर ओसरला की कायमचा इलाज. गळू बरं झालं म्हणून प्रकरण मिटलं असं समजून घरी बसणारे अनेक जण असतात. नळी बंद आहे तोवर ते परत येण्याची शक्यता राहतेच.

साचलेला पू असताना मोतीबिंदूचं ऑपरेशन करणं धोक्याचं असतं, कारण तेच जंतू डोळ्याच्या आत शिरले तर दृष्टी जाऊ शकते. म्हणून अशा रुग्णाची आधी अश्रुपिशवी, मग मोतीबिंदू, असा क्रम लावतात. याउलट फक्त थोडं पाणी येतंय, पू नाही, गळू कधी झालं नाही आणि डोळ्याचं दुसरं ऑपरेशन ठरलेलं नाही, तर डीसीआर करायचं की नाही हा निर्णय माझ्या मते पूर्णपणे रुग्णाचा आहे. रुमालावर भागत असेल तर थांबायला हरकत नाही.

अडथळा कुठे आहे, हे आधी

नवं तोंड पिशवीतून पाडायचं, म्हणजे पिशवीपर्यंतचा रस्ता मोकळा हवा. हे पाहण्याची साधी परीक्षा म्हणजे सिरिंजिंग. बधिर करणारे थेंब टाकून खालच्या अश्रुछिद्रात बोथट टोकाची बारीक नळी घालतात आणि सलाईन सोडतात. घशात खारट चव आली, तर मार्ग मोकळा. खालून सोडलेलं पाणी त्याच छिद्रातून परत आलं, तर अडथळा त्या खालच्या वाहिनीतच आहे. ते वरच्या छिद्रातून बाहेर आलं, तर दोन्ही वाहिन्या जिथे एक होतात तिथे किंवा त्याच्या खाली. आणि परतणाऱ्या पाण्यात चिकट द्रव किंवा पू असेल, तर ते पिशवीत जाऊन आलंय, बंद आहे ती तिच्या खालची नळी. डीसीआरसाठी हीच स्थिती योग्य. परीक्षा पाच मिनिटांची आहे, पण पुढचं सगळं तिच्यावर ठरतं.

सोबत दुर्बिणीने नाकाची तपासणी होते: नाकाचा मधला पडदा वाकडा आहे का, आत कोंब वाढलेत का. मार लागल्याचा इतिहास असेल तर सीटी स्कॅन. अश्रूंमध्ये रक्त येणं, किंवा आतल्या कोपऱ्याच्या वरच्या बाजूला कडक गाठ लागणं, ही पिशवीतल्या अर्बुदाची (ट्यूमरची) चिन्हं असू शकतात. तिथे स्कॅन आणि तुकडा तपासण्याआधी डीसीआर करत नाहीत.

ऑपरेशन

पिशवी आणि नाकाची पोकळी यांच्यामध्ये हाड असतं. खोबणीचा मागचा भाग अश्रुअस्थीचा, जेमतेम ०.१ मिलिमीटर जाडीचा. पुढचा भाग वरच्या जबड्याच्या हाडाचा, चांगला जाड. हे हाड काढून पिशवी नाकाला जोडायची, ही कल्पना १९०४ मध्ये इटलीतल्या अड्डेओ तोती यांनी बाहेरून चीर देऊन प्रत्यक्षात आणली. त्यात मोठी सुधारणा १९२०च्या सुमारास फ्रान्समधल्या द्युपुई-द्युताँ आणि बुर्गे या जोडीने केली. त्यांनी नुसतं भोक न ठेवता पिशवीचं अस्तर नाकाच्या अस्तराला टाक्यांनी जोडलं. फरक लहान वाटेल, पण तो निर्णायक ठरला. उघडी जखम आक्रसते, अस्तराला अस्तर जुळलं की मार्ग टिकतो.

आजचं बाहेरून केलेलं डीसीआर अजून याच तत्त्वावर आहे. नाकाच्या बाजूला, डोळ्याच्या कोपऱ्याजवळ १०-१५ मिलिमीटरची चीर घेतात, स्नायू बाजूला सारतात, हाडाला १ सेंटिमीटरच्या आसपास किंवा थोडी मोठी खिडकी पाडतात, पिशवी उघडतात आणि दोन्ही अस्तरं शिवतात. डोळ्याच्या गोळ्याला हात लागत नाही. दृष्टीला धोका अत्यंत क्वचित असतो, तो आजूबाजूच्या रचनांना इजा झाली तरच. पूर्ण भूल किंवा जागा बधिर करून गुंगीचं इंजेक्शन, दोन्ही चालतं.

दुसरी पद्धत नाकातून, दुर्बिणीने. हीही कल्पना नवी नाही. कॉल्डवेल यांनी १८९३ मध्येच नाकातून वाट काढण्याचं वर्णन केलं होतं, पण तेव्हा आतलं नीट दिसत नसे. १९८९ मध्ये मॅक्डोनो आणि मायरिंग यांनी दुर्बिणीतून केलेल्या डीसीआरचा अहवाल दिला आणि ही पद्धत पसरली. चेहऱ्यावर व्रण राहत नाही, पापणी मिटणारा स्नायू कापला जात नाही, वाकडा पडदा त्याच वेळी सरळ करता येतो, आणि गळू असतानाही अनुभवी हातांना ती करता येते. त्यासाठी साधनं आणि दुर्बिणीचा चांगला सराव हवा.

कुठली चांगली? अनुभवी हातांत दोन्हींचं यश ९० टक्क्यांच्या आसपास आहे. फरक पडतो तो करणाऱ्याच्या सरावाने. म्हणून मी तर म्हणेन, ‘दुर्बिणीने करता का’ एवढंच विचारण्यापेक्षा ‘तुम्ही नेहमी कोणत्या पद्धतीने करता आणि माझ्यासाठी तीच का’ हे विचारावं. लेझर हा शब्द ऐकून भुलू नये. लेझरने पाडलेलं तोंड लहान असतं, आणि त्याचं यश या दोन पद्धतींपेक्षा थोडं कमी आढळलं आहे.

शेवटी बरेच डॉक्टर सिलिकॉनची बारीक नळी दोन्ही अश्रुछिद्रांतून घालून नाकात उतरवतात. नवा मार्ग भरताना चिकटू नये म्हणून. साध्या, पहिल्याच ऑपरेशनमध्ये ती प्रत्येकाला लागतेच असं नाही, यावर तज्ज्ञांत मतभेद आहेत. वाहिन्या अरुंद असतील किंवा ऑपरेशन दुसऱ्यांदा होत असेल, तर ती ठेवण्याकडे कल असतो. ६ आठवडे ते ३ महिन्यांत बाह्यरुग्ण विभागातच काढतात.

नंतरचे दिवस

इथली सगळी पथ्यं नाकाची आहेत, आणि पहिली काळजी रक्ताची. नाकाच्या अस्तराला रक्तपुरवठा भरपूर असतो. म्हणून ऑपरेशनआधी रक्तदाब आटोक्यात हवा, आणि अॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, वॉरफरिन यांपैकी काही चालू असेल तर ते सांगायलाच हवं. या गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करायच्या नाहीत. ज्यांनी हृदयासाठी किंवा मेंदूसाठी सुरू केल्या, त्यांना विचारूनच. पहिल्या दिवशी फार गरम खाणंपिणं टाळावं, डोकं उंचावर ठेवून झोपावं. एक-दोन आठवडे नाक शिंकरू नये. शिंक आलीच तर दाबू नये, तोंड उघडं ठेवून द्यावी. वाकून जड उचलू नये. पहिल्या एक-दोन दिवसांत नाकातून थोडं लालसर पाणी येणं अपेक्षित असतं. रक्ताची धार लागली आणि नाक चिमटीत धरून, पुढे झुकून बसूनही थांबत नसेल, तर थेट रुग्णालय गाठावं. असा रक्तस्राव कधी चौथ्या-पाचव्या दिवसानंतरही होतो, म्हणून पहिले दोन दिवस ठीक गेले की पथ्य सोडू नये.

बाहेरचे टाके साधारण आठवड्यात निघतात. चिरेचा व्रण सुरुवातीला लाल आणि कडक लागतो, काही महिन्यांत फिका पडतो. दुर्बिणीने केलं असेल तर सलाईनने नाक धुणं आणि ठरलेल्या दिवशी खपल्या काढून घेणं टाळू नये. नवं तोंड अनेकदा या खपल्यांच्या आडच चिकटतं. डोळ्याच्या कोपऱ्यात सिलिकॉनच्या नळीचा छोटा फास दिसतो, तो ओढायचा नाही. डोळा चोळताना नळी बाहेर आली आणि फास गालावर लोंबू लागला, तर कापायचाही नाही. गालाला चिकटपट्टीने चिकटवून डॉक्टरांकडे जावं, बऱ्याचदा ती परत जागेवर बसवता येते.

बरं झाल्यावर नाक शिंकरलं की डोळ्याच्या कोपऱ्यात हवेची झुळूक जाणवते किंवा बुडबुडा येतो. लोक याने घाबरतात, पण मार्ग उघडा असल्याची ती खूण आहे. झोपेत श्वासासाठी दाबाच्या हवेचं यंत्र लावणाऱ्यांना मात्र या हवेने डोळा कोरडा पडण्याचा त्रास होऊ शकतो. ते आधी डॉक्टरांच्या कानावर घालावं.

यशाबद्दलही एक खुलासा हवा. ‘मार्ग उघडा आहे’ आणि ‘डोळा वाहत नाही’ ही दोन वेगळी यशं आहेत. सलाईन सहज नाकात उतरतं, तरी काहींचा डोळा थंड वाऱ्यात पाणावतोच, कारण पापणीचा पंप अशक्त असतो किंवा डोळा कोरडा असतो. पू आणि गळवांचा त्रास मात्र बहुधा पूर्ण थांबतो. मार्ग पुन्हा बंद झालाच, तर कारण शोधावं लागतं: हाडाची खिडकी लहान राहिली, व्रणाचा पडदा आला, की नाकाच्या आतली भिंत चिकटली. दुसऱ्यांदा डीसीआर करता येतं. त्या वेळी काही डॉक्टर मायटोमायसिन हे व्रण कमी करणारं औषध थोडा वेळ त्या जागी लावतात.

वय फार झालेल्या, भूल सोसणार नाही अशा रुग्णांत, ज्यांचा डोळा मुळातच कोरडा आहे पण पिशवी सारखी पिकते, तिथे पिशवीच काढून टाकण्याचा लहान पर्याय असतो. पू थांबतो, पाणी येण्याची शक्यता राहते.

आणि ज्यांच्या वाहिन्याच पूर्ण बुजल्या आहेत, त्यांना साधं डीसीआर पुरत नाही, कारण अश्रू पिशवीपर्यंत पोहोचतच नाहीत. त्यांच्यासाठी डोळ्याच्या कोपऱ्यातून थेट नाकात उघडणारी काचेची बारीक नळी बसवतात, लेस्टर जोन्स यांच्या नावाने ओळखली जाणारी. ती कायम आत राहते. शिंकताना किंवा नाक शिंकरताना ती उडून बाहेर येऊ नये म्हणून डोळा मिटून कोपऱ्यावर बोट दाबायचं, ती सरकली किंवा चोंदली तर डॉक्टरांकडून बसवून किंवा साफ करून घ्यायची, हे आयुष्यभराचं काम आहे. ते मान्य असेल तरच या वाटेला जावं, आणि डॉक्टरांनीही ते आधीच स्पष्ट सांगावं.